फोटो तुमचा, जोखीम त्यांची

प्रश्न : मी ३१ वर्षांची संगणक अभियंता आहे. सहा वर्षे पुण्यात नोकरी करून नागपुरात परतले आणि दोन मित्रांसोबत एक छोटी कंपनी काढली. वाहनाचे मोबाइलवर काढलेले फोटो पाहून कुठे मार बसला आहे, कोणता भाग बदलावा लागेल, जुनी ठोकर कोणती आणि नवी कोणती, हे ओळखणारे सॉफ्टवेअर आम्ही तयार केले आहे. वाडीतल्या काही ट्रान्सपोर्टवाल्यांच्या गाड्यांवर ते वापरून पाहिले. आता एका जुन्या सर्वसाधारण विमा कंपनीच्या इथल्या कार्यालयाने सहा महिन्यांच्या पायलटचा (प्रायोगिक वापराचा) प्रस्ताव दिला आहे : खंड पडलेल्या पॉलिसी पुन्हा सुरू करण्याआधीची तपासणी आमच्या ॲपवरून करायची, सहा महिने मोबदला नाही, आणि पुढची तीन वर्षे दुसऱ्या कोणत्याही विमा कंपनीला हे सॉफ्टवेअर द्यायचे नाही. माझा एक भागीदार म्हणतो की आपली अक्कल त्यांना फुकट देण्यापेक्षा आपणच ब्रोकरचा परवाना घेऊन पॉलिसी विकू. माझे वडील निवृत्त सर्व्हेअर (विम्यासाठी नुकसानीची पाहणी करणारे) आहेत. ते म्हणतात, "हत्तीसंग चालाले हरकत नाही, पण त्याच्या पायाखाली निजाचं नाही." जुन्या कंपनीला आमच्याकडून आणि आम्हाला तिच्याकडून नेमका काय फायदा आहे? सही करावी की नाही?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या वडिलांचे वाक्य मी दोनदा वाचले, कारण पत्रातला निम्मा प्रश्न त्यांनीच सोडवून ठेवला आहे. सही करावी असे माझे मत आहे, मात्र समोर आलेल्या कागदावर जशीच्या तशी नव्हे. त्यात चार ठिकाणी बदल करून घेतल्यानंतर. ते बदल पुढे सांगतोच. परंतु त्याआधी त्या कंपनीला तुमची गरज कशासाठी पडली आहे हे समजून घेतले पाहिजे, नाहीतर तुम्ही स्वस्त वस्तूसाठी घासाघीस कराल आणि मोलाची वस्तू बोलता बोलता देऊन टाकाल.

खंड पडलेली पॉलिसी, ज्याला आमच्या धंद्यात 'ब्रेक-इन' म्हणतात, हा विषय बाहेरच्या माणसाला क्षुल्लक वाटतो. पॉलिसीची मुदत संपून गेली आणि मालकाने वेळेत नूतनीकरण केले नाही, की कंपनी गाडी पाहिल्याशिवाय तिच्या नुकसानीची जोखीम पुन्हा घेत नाही, कारण ज्याची गाडी काल ठोकली गेली त्याला नेमका आज विमा आठवतो. मी दावा विभागात उभी नोकरी काढली. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत या तपासणीचा मुख्य पुरावा म्हणजे चेसिस क्रमांकाचा पेन्सिल ठसा असे. पातळ कागद क्रमांकावर दाबून धरायचा, वरून पेन्सिल आडवी फिरवायची आणि उमटलेले आकडे प्रस्तावाला डकवायचे. एका पावसाळ्यात अशाच ठशाच्या भरवशावर आमच्या कार्यालयाने एका ट्रकची पॉलिसी दिली आणि चौथ्या दिवशी मोठा दावा आला. चौकशीअंती कळले की ठसा अस्सल होता, पण तो आदल्या वर्षी काढून जपून ठेवलेल्या दोन ठशांपैकी दुसरा होता. आम्ही पॉलिसीवर शिक्का मारला त्या दिवशी तो ट्रक चाके वर करून नाल्यात पडलेला होता. ठशाला तारीख नसते. तुमच्या ॲपमधून थेट काढलेल्या फोटोला तारीख, वेळ आणि जागा या तिन्ही गोष्टी असतात. जुन्या कंपनीला तुमच्याकडून जे हवे आहे त्याचे मूळ इथे आहे. प्रस्तावात 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हे शब्द कितीदा आले आहेत त्यात नाही.

यात एक गंमतही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे तृतीय पक्ष विमा नसलेले वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे ज्या ट्रकची पॉलिसी संपली आहे तो "तपासणीसाठी शाखेत घेऊन या" असे सांगणारी कंपनी मालकाला गुन्हा करूनच दारात यायला सांगते. कापसीच्या यार्डात उभ्या असलेल्या ट्रकसाठी सीताबर्डीहून माणूस पाठवायचा, तर तो आज मोकळा नसतो आणि उद्या रविवार असतो. राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि ५३ जिथे एकमेकांना भेटतात आणि समृद्धी महामार्ग जिथून सुरू होतो त्या या शहरात दोन-तीन ट्रक बाळगणारे मालक मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांच्यासाठी ट्रक उभा राहिला म्हणजे कर्जाचा हप्ता थकला. अशा ठिकाणी यार्डातल्या माणसाने दहा मिनिटांत फोटो काढून पाठवले तर मालकाचा दिवस वाचतो, कंपनीचा प्रवासखर्च वाचतो, आणि मालक कंटाळून दुसऱ्या कंपनीच्या एजंटाकडे जात नाही. सर्वसाधारण विमा कंपन्यांच्या व्यवस्थापन खर्चाला, कमिशन धरून, विमा नियामक व विकास प्राधिकरणाने विम्याच्या एकूण हप्त्याच्या (प्रीमियमच्या) ३० टक्क्यांची मर्यादा घातलेली आहे. त्यामुळे तपासणीवर वाचलेला रुपया हा त्यांच्यासाठी नुसता बचतीचा नसतो, तो मर्यादेच्या आत राहण्याचाही असतो. हे गणित तुमच्या समोर बसलेल्या अधिकाऱ्याला पाठ असते, आणि ते तुम्हालाही पाठ आहे हे त्याला पहिल्याच बैठकीत कळले पाहिजे.

तरीही माझ्या मते तुमच्या सॉफ्टवेअरचे खरे काम नूतनीकरणाच्या तपासणीत नाही, दाव्यात आहे. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवा. काही तासांत कोसळलेल्या पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी पात्र सोडून बाहेर आली, आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या भागांत घराखालच्या गाड्या उभ्या जागी बुडाल्या. माझ्या एका परिचिताच्या गाडीत सीटच्या पाठीवर पाण्याची तपकिरी रेघ उमटली होती आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात गाळ भरला होता. सर्व्हेअर नवव्या दिवशी आला. तोपर्यंत त्यांनी गाडी स्वच्छ धुऊन, सीटे उन्हात वाळवून ठेवली होती, कारण घरात कुजका वास सहन होत नव्हता. आणि मग पाणी नेमके कुठवर चढले होते यावरून महिनाभर पत्रव्यवहार चालला. पाणी ओसरल्यावर मालकाने चावी फिरवून पाहिली की नाही, हा मोटार दाव्यातला कळीचा प्रश्न असतो, कारण पाणी शिरलेले इंजिन सुरू केल्याने झालेले नुकसान इंजिनासाठीचे वेगळे संरक्षण घेतलेले नसेल तर सहसा नाकारले जाते. सर्व्हेअरची चूक मी म्हणणार नाही. शहरातल्या सर्व्हेअरांची संख्या ठरलेली असते आणि पूर एका रात्रीत वर्षाचे दावे आणून टाकतो. अशा वेळी पहिल्या सकाळीच, गाळ हलवण्याआधी, मालकाकडून ठरलेल्या क्रमाने बारा फोटो काढून घेणारे आणि "इंजिन सुरू करू नका, गाडी टो करून न्या" असे मराठीत व हिंदीत सांगणारे ॲप कंपनीपाशी असते, तर पाण्याची रेघ धुतली जाण्याआधी नोंदली गेली असती आणि मालकाचेही इंजिन वाचले असते. कंपनीचा आणि ग्राहकाचा लाभ एकाच बाजूला पडतो असे प्रसंग विम्यात फार थोडे असतात. हा त्यातला एक आहे.

आता तुमच्या बाजूचा हिशेब. तुमचा भागीदार समजतो तसे जुन्या कंपनीचे बळ केवळ पैशात नाही, पण पैशापासून सुरुवात करू. भारतात विमा कंपनी काढायची तर किमान १०० कोटी रुपयांचे भरणा झालेले भांडवल लागते आणि त्यानंतर देणी भागवण्यासाठी नियमाने जितकी जादा मालमत्ता जवळ असणे आवश्यक ठरते तिच्या दीडपट कायम राखावी लागते. पुनर्विम्याची, म्हणजे विमा कंपनीने स्वतःच्या जोखमीचा उतरवलेल्या विम्याची, घडी बसवावी लागते ती वेगळीच. एका पुरात हजार गाड्या बुडाल्या तरी पुढच्या सोमवारी शटर उघडणारे कोणीतरी पाठीशी असल्याशिवाय तुमच्या फोटोला बाजारात किंमत नाही, कारण फोटो दावा सिद्ध करतो, फेडत नाही.

दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते आणि तुमच्या पत्रात तिचा उल्लेखही नाही, म्हणून इथे थोडा थांबतो. तुमचे सॉफ्टवेअर आज फोटो पाहून "समोरचा बंपर फुटला, बदलावा लागेल" असे सांगते. तिथून पुढे विमा सुरू होतो. बंपर प्लास्टिकचा असेल तर साध्या पॉलिसीत त्यावर ५० टक्के घसारा कापला जातो, फायबर ग्लासचा असेल तर ३० टक्के, काच असेल तर काहीच नाही, आणि धातूचा असेल तर गाडीच्या वयाप्रमाणे. दुरुस्तीचा खर्च घोषित मूल्याच्या, म्हणजे पॉलिसीत लिहिलेल्या गाडीच्या किमतीच्या (आयडीव्हीच्या), ७५ टक्क्यांपलीकडे गेला की गाडी दुरुस्तच होत नाही. ती पूर्ण नुकसान धरून हिशेब वेगळ्या रस्त्याने जातो. गॅरेजवाल्याने दिलेले एस्टिमेट, सर्व्हेअरने मंजूर केलेली रक्कम, दुरुस्तीनंतर निघालेले जास्तीचे काम, शेवटी दिलेला धनादेश, आणि कधीकधी त्या धनादेशाविरुद्ध ग्राहक आयोगात गेलेली तक्रार, ही सगळी साखळी केवळ जुन्या कंपनीच्या दाव्याच्या फायलींमध्ये असते. चार सरकारी सर्वसाधारण विमा कंपन्या १९७३ मध्ये शंभरावर लहानमोठ्या कंपन्यांच्या विलीनीकरणातून उभ्या राहिल्या. त्यांच्यापाशी साठलेला दाव्यांचा अनुभव तुम्ही वाडीत उभे राहून दहा वर्षे फोटो काढले तरी जमणार नाही. तुमच्या सॉफ्टवेअरला मार ओळखता येतो. त्या माराची शेवटी किती किंमत ठरली आणि का ठरली, हे त्याला फक्त ती फाइल शिकवू शकते.

तिसरी गोष्ट म्हणजे कायद्याची शिस्त, जी बाहेरून कंटाळवाणी दिसते आणि आत गेल्यावर प्राण वाचवते. एकच उदाहरण देतो. विमा कायदा १९३८ च्या कलम ६४ व्हीबी प्रमाणे हप्ता हाती आल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. समजा तुमच्या ॲपवर सकाळी ११.१० ला ट्रकचे फोटो आले, हप्ता ११.४० ला जमा झाला, आणि ट्रक ११.२५ ला यार्डाच्या फाटकावर घासला. फोटोत गाडी निर्दोष आहे, पॉलिसी त्याच दिवसाची आहे, आणि मालक शपथेवर सांगतो की अपघात दुपारी झाला. तुमच्या ॲपने फोटो आणि हप्ता यांमधील अंतराला मर्यादा घातली पाहिजे आणि ती ओलांडली की नवे फोटो मागितले पाहिजेत, हे तुमच्या लक्षात आले होते का? आले नसेल तर त्यात कमीपणा नाही. हे शहाणपण ठोकर खाऊनच येते आणि जुन्या कंपनीने पुष्कळ ठोकरा खाल्लेल्या आहेत.

आता भागीदाराच्या सूचनेकडे वळतो. ब्रोकरचा मार्ग वाईट नाही, पण तो तुमचा नाही. थेट ब्रोकरला ७५ लाख रुपयांचे भांडवल लागते, पात्र प्रमुख अधिकारी लागतो, आणि मग ग्राहक मिळवण्यासाठी अशा मंडळींशी स्पर्धा करावी लागते जी २००८ पासून या धंद्यात पाय रोवून बसली आहेत आणि क्रिकेटच्या सामन्यात जाहिरात करू शकतात. हप्त्यातून काही परत देऊन गिऱ्हाईक ओढावे म्हटले तर विमा कायद्याचे कलम ४१ आडवे येते. कमिशनमधून सूट देण्याला तिथे स्पष्ट मनाई आहे. सर्वांत मोठी अडचण मात्र भूमिकेची आहे. ब्रोकर कायद्याने ग्राहकाचा प्रतिनिधी असतो आणि तपासणी करणारा विमा कंपनीसाठी पाहत असतो. एकाच गाडीकडे दोन्ही डोळ्यांनी पाहणाऱ्या संस्थेच्या फोटोवर कोणतीही विमा कंपनी विश्वास ठेवणार नाही, आणि तुमच्या सॉफ्टवेअरचा बाजारच संपेल.

स्वतःच विमा कंपनी होण्याचे स्वप्न कुणी दाखवले तर तेही ताडून पाहा. आपल्याकडे एको आणि डिजिट यांनी २०१७ मध्ये परवाने घेऊन ते केले, पण पहिल्या दिवसापासून मोठ्या गुंतवणुकीच्या बळावर. अमेरिकेत मेट्रोमाइल नावाच्या कंपनीने गाडी जितकी चालेल तितका हप्ता ही कल्पना आणली, सुरुवातीला दुसऱ्या विमा कंपनीच्या नावाने पॉलिसी विकल्या, २०१६ मध्ये स्वतःच विमा कंपनी झाली, २०२१ मध्ये शेअर बाजारात उतरली, आणि २०२२ मध्ये लेमोनेड या दुसऱ्या नव्या कंपनीने तिला विकत घेतले. कल्पना चांगलीच होती. तीच कल्पना आपल्याकडे जुलै २०२२ मध्ये प्राधिकरणाने जुन्या-नव्या सर्व कंपन्यांना मोटार पॉलिसीच्या जोड संरक्षणात वापरायला मोकळी करून दिली. याच्या उलट चीनमध्ये २०१३ साली झाँगआन ही ऑनलाइन विमा कंपनी निघाली ती पिंग ॲन ही प्रस्थापित विमा कंपनी, अलीबाबाचा समूह आणि टेनसेंट यांनी मिळून. ऑनलाइन खरेदी केलेला माल परत पाठवण्याचा खर्च भरून देणारा किरकोळ विमा हे तिचे सुरुवातीचे गाजलेले काम. इतक्या छोट्या रकमेची पॉलिसी माणसाच्या हाताने लिहिणे कोणत्याही जुन्या कंपनीला परवडले नसते, आणि असंख्य छोट्या जोखमींचा भाव ठरवणे कोणत्याही दुकानाला जमले नसते. दोघांना मिळून जमले. तुमच्या आणि त्या विमा कंपनीच्या संबंधाचा आकार मला असाच दिसतो, अर्थात फार लहान प्रमाणात.

तेव्हा कागदाकडे येऊ.

मोबदला नाही, हे कलम पहिल्यांदा काढायला लावा. रक्कम अगदी लहान चालेल, पण ती दर तपासणीमागे आणि पहिल्या दिवसापासून हवी, कारण फुकट आलेल्या वस्तूची खातेवहीत नोंद होत नाही आणि ज्याची नोंद नाही त्याचा फायदा सहा महिन्यांनी कोणालाही सिद्ध करता येत नाही. मोबदला हप्त्याच्या टक्केवारीत मात्र चुकूनही मागू नका. परवाना नसताना टक्केवारी घेतली की ती कमिशन ठरते आणि दोघेही अडचणीत येता. उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) केली नसेल तर या आठवड्यात करा. सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देण्याचे बंधन २००६ च्या कायद्यात आहे, आणि आयकर कायद्यातील एका तरतुदीमुळे उशीर करणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा धरता येत नाही. जुन्या कंपन्या पैसे बुडवत नाहीत, हे मी खात्रीने सांगतो. त्या विसरतात, आणि लहान कंपनी विसरण्यानेच मरते.

तीन वर्षांच्या बंदीबाबत माझे मत कडक आहे. विमा कंपनीला तुमच्या पायलटमधून स्पर्धकांवर थोडी आघाडी हवी असेल तर ती रास्त इच्छा आहे आणि पायलटच्या काळापुरती, फक्त नागपूर व भोवतालच्या जिल्ह्यांतील ब्रेक-इन तपासणीपुरती मर्यादित सवलत तुम्ही देऊ शकता. तीन वर्षे म्हणजे तुमच्या क्षेत्रात एक पिढी. वडिलांचा हत्ती पाय ठेवतो तो नेमका इथे.

याच्या बदल्यात जे मागायचे ते म्हणजे दाव्याचा शेवट. ज्या गाडीची तपासणी तुमच्या ॲपवर झाली तिचा पुढे दावा आला तर मंजूर रक्कम, बदललेले भाग आणि नाकारण्याचे कारण असेल तर ते, मालकाचे नाव व संपर्क वगळून तुम्हाला कळवले जाईल, असे कलम घालून घ्या. फोटो कंपनीचे राहतील, त्यांतून सॉफ्टवेअरने शिकलेले तुमचे राहील, ही वाटणी लेखी असू द्या. कंपनीचा विधी विभाग डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा २०२३ चे नाव घेईल आणि ते बरोबरच आहे. त्या कायद्याखाली ग्राहकाला उत्तर देण्याची जबाबदारी कंपनीची असेल आणि तुम्ही तिच्या वतीने, तिच्या करारानुसार विदा हाताळणारे असाल. नंबर प्लेट, मागे उभे असलेले मूल, घराची पाटी हे सगळे फोटोत येते. ते झाकण्याची सोय तुम्ही आधीच करून नेली तर चर्चा निम्म्यावर येईल. सर्व्हर भारतातच ठेवा, कारण पॉलिसी व दाव्यांच्या नोंदी देशात ठेवणे विमा कंपनीला बंधनकारक आहे.

चौथा बदल भाषेचा वाटेल, पण तो जबाबदारीचा आहे. तुमच्या ॲपच्या पडद्यावर "मंजूर" किंवा "नामंजूर" हे शब्द दिसता कामा नयेत. जोखीम घ्यावी की नाही आणि दावा द्यावा की नाही, हा निर्णय विमा कंपनीला बाहेरच्या कोणाकडे सोपवता येत नाही. तुम्ही फक्त काय दिसले ते सांगायचे. ठरावीक रकमेपुढच्या नुकसानीला परवानाधारक सर्व्हेअरचा अहवाल विमा कायद्याच्या कलम ६४ यूएम प्रमाणे लागतोच. म्हणून "आता सर्व्हेअरची गरज नाही" असे वाक्य तुमच्या माहितीपत्रकात असेल तर ते आजच खोडा. ते चुकीचे आहेच, शिवाय ज्या माणसांच्या हातून तुमचे ॲप रोज चालणार आहे त्यांनाच ते शत्रू करते. सर्व्हेअर, शाखेतला कारकून आणि एजंट या तिघांनी मनावर घेतले नाही तर पायलट कोणत्याही साहेबाच्या सहीने चालत नाही. फोटो "अस्पष्ट" ठरतात, सर्व्हर "बंद" असतो आणि गाडी पुन्हा जुन्याच पद्धतीने पाहिली जाते. एजंटाला पहिल्या आठवड्यात दाखवा की त्याचा माणूस ज्या दिवशी पैसे घेऊन आला त्याच दिवशी पॉलिसी निघाली. मग तोच तुमची जाहिरात करील.

आणखी दोन गोष्टी पटकन. पायलट यशस्वी म्हणजे काय ते आधीच आकड्यांत लिहून घ्या : किती तपासण्या, किती तासांत, किती पुन्हा कराव्या लागल्या. ज्या अधिकाऱ्याने तुम्हाला बोलावले त्याची बदली सहा महिन्यांत होऊ शकते आणि त्याच्या जागी येणाऱ्याला तुमचा उत्साह नव्हे, तो कागदच वाचायचा असतो. कंपनी सरकारी असेल तर पायलटनंतरचे मोठे काम निविदेतूनच जाईल, म्हणून केंद्राची स्टार्टअप मान्यता घेऊन ठेवा. मागील उलाढाल व अनुभवाच्या अटींत तिच्यामुळे सवलत मिळू शकते.

शेवटी तुमच्या वडिलांविषयी, कारण पत्रात त्यांचा उल्लेख तुम्ही जाता जाता केला आहे आणि मला ते तुमच्या कंपनीतले सर्वांत महाग भांडवल वाटते. पायलटमध्ये त्यांना सर्व्हेअर म्हणून गुंतवू नका. मुलीच्या सॉफ्टवेअरवर वडिलांचा अहवाल हे कोणत्याही लेखापरीक्षकाला खुपेल. त्याऐवजी पहिल्या महिन्यात आलेल्या फोटोंमधून रोज वीस निवडा, सॉफ्टवेअरचे मत झाका, आणि संध्याकाळी त्यांना विचारा की इथे काय दिसते. चिखलाने भरलेल्या ट्रकच्या चेसिसवर क्रमांक कुठे शोधायचा, ताज्या रंगाखाली जुना पत्रा कसा ओळखायचा, दरवाजा नीट लागतो की उचलून लावावा लागतो हे फोटोत कशावरून कळते, हे ते सांगतील ते लिहून घ्या. जिथे त्यांचे आणि सॉफ्टवेअरचे मत जुळत नाही ते फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि विमा कंपनीच्या पुढच्या बैठकीला तोच फोल्डर घेऊन जा.